माहेर नावाची फाईल

आमच्या दुकानात येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना वाटतं की टायपिंग म्हणजे बोटांचं काम. दहावा मी, दुकानाचा मालक, आणि अकरा वर्षं मलाही तेच वाटत होतं. त्यामुळे वहिनीबद्दल लिहायला मी लायक आहे का, यावर घरात मतभेद आहेत. पण दुसरं कोणी लिहिणार नाही. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, पाणीपुरवठ्याच्या पंपांपलीकडे कशाचं कौतुक नाही, आणि वहिनी स्वतःबद्दल चार ओळी लिहायला बसली तर त्यातल्या तीन खोडेल.

दुकान विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर आहे. बारा बाय दहाची खोली. पुढे दोन झेरॉक्स मशीन, मध्ये स्पायरल बाइंडिंगचं टेबल, आणि मागे प्लायवूडच्या आडोशापलीकडे कॉम्प्युटर. आडोशापलीकडे वहिनी. गिऱ्हाइकाला तिची फक्त पाठ दिसते, तीही डावीकडून डोकावलं तर. पुढे मी, आणि माझा राग. राग माझ्या नाकावर असतो हे मी नाकारत नाही. लोक पासपोर्टच्या फोटोची झेरॉक्स काढायला येतात आणि 'जरा हसरी येईल का' विचारतात. त्यांच्याशी गोड बोलायचं म्हणजे संताचं काम आहे.

त्याच रागाच्या भरात अकरा वर्षांपूर्वी मी आमच्या टायपिस्टला काढून टाकलं. अर्धा प्रबंध त्याच्या कॉम्प्युटरवर, उरलेला अर्धा विद्यार्थ्याच्या हातात, आणि मी दोन बोटांनी टकटक करत शिव्या देत बसलेलो. वहिनी माझा डबा घेऊन आली होती. थोडा वेळ उभी राहून तिने माझे हाल बघितले, मग म्हणाली, 'भाऊजी, तुम्ही जेवून घ्या,' आणि माझ्या खुर्चीत बसली. मी जेवून हात धुऊन आलो तोवर तीन पानं झाली होती. तेव्हा मला कळलं की लग्नाआधी दोन वर्षं ती एका टायपिंगच्या क्लासात झाडलोट करायला जायची, आणि तासांच्या मध्ये रिकामं मशीन दिसलं की त्यावर बसायची. हे तिने दादालाही सांगितलं नव्हतं. दादाने विचारलं नव्हतं, एवढंच.

नुसतं टायपिंग करत राहिली असती तर आज हे लिहायचं कारण नव्हतं. तिच्या दुसऱ्या वर्षी एका इतिहासवाल्याचा प्रबंध आला. तीनशे पानं, दोनशे चौदा उपशीर्षकं. सगळं झाल्यावर त्याच्या गाईडने सांगितलं की उपशीर्षकं फार मोठी दिसतात, थोडी लहान करा. वहिनीने तीन दिवस एकेक उपशीर्षक निवडून लहान केलं. तीन राहून गेली. तो बाबा परत आला आणि मला, माझ्या दुकानात, माझ्यासमोर, कामचुकार म्हणाला. मी त्याच्याशी भांडलो. वहिनी भांडली नाही. ती आत जाऊन त्या सॉफ्टवेअरमधले आजवर कधीच न उघडलेले मेनू एकामागून एक उघडत बसली.

'एकदा सांगायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं, अशी काहीतरी सोय यात असणारच,' ती म्हणाली. 'नसेल, तर हे बनवणाऱ्याने कधी घर चालवलेलं नाही.'

सोय होती. तिला स्टाइल म्हणतात. आठ दुपारी खर्च करून, इंग्रजीतली मदतीची पानं शब्द शब्द लावत तिने ती शोधली. गोष्ट साधी आहे. शीर्षक निवडून हाताने मोठं करायचं, ठळक करायचं, मध्यभागी ढकलायचं, हे सगळं सोडून द्यायचं. त्याऐवजी एक नाव तयार करायचं, त्या नावाला एकदाच सांगून ठेवायचं की तू एवढा मोठा, एवढा ठळक, तुझ्यावर एवढी जागा, तुझ्याखाली एवढी. आणि मग प्रबंधातल्या प्रत्येक शीर्षकाला ते नाव द्यायचं. उद्या गाईडचं डोकं फिरलं तर फक्त नावाला सांगायचं. दोनशे चौदा जण एकदम ऐकतात.

सॉफ्टवेअरमधली तयार नावं तिला पटली नाहीत. तिने स्वतःची दिली. सगळ्यात वर, पुस्तकाच्या नावासाठी, 'आजोबा'. प्रकरणाचं शीर्षक 'थोरला', उपशीर्षक 'मधला', त्याखालचं 'धाकटा'. साधा मजकूर म्हणजे 'घरचे'. दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा दोन्ही बाजूंनी जागा सोडून बसतो, कोणाला खेटत नाही, म्हणून तो 'जावईबापू'. तळटीप 'शेजारीण'. मजकुरातली तिरकी अक्षरं 'आत्याबाई', कारण ती घरच्यांतच बसते पण बोलते तिरकं. यात आमची खरी आत्या कोण ते मी सांगणार नाही, ती अजून आहे. गंमत म्हणजे ही नाती नुसती नावाची नव्हती. थोरला आजोबांवर बेतलेला, मधला थोरल्यावर, धाकटा मधल्यावर. आजोबांचा फाँट बदलला की खालच्या साऱ्यांचा आपोआप बदलायचा.

आणि दर नव्या प्रबंधात हे सगळं पुन्हा बनवायला नको म्हणून तिने एक रिकामी फाईल ठेवली होती. तिच्यात वाचायला अक्षरही नाही, फक्त स्टाइल. तिचं नाव 'माहेर'. नवी फाईल उघडली की वहिनी माहेरहून स्टाइल मागवून घ्यायची, कॉम्प्युटरच्या भाषेत इम्पोर्ट. एक चौकट उघडते, कुठल्या फाईलमधून आणू ते विचारते, आणि खाली विचारते की त्याच नावाच्या स्टाइल इथे आधीच असतील तर त्या बदलू का. तिथे खूण करायची. मग माहेरचा थोरला येतो आणि इथल्या थोरल्याच्या जागी बसतो. मला हे सगळं नखऱ्याचं वाटायचं. डोळ्याला दिसतं तेच ना, असं माझं म्हणणं. मी एखादं पान केलं तर सरळ निवडायचो, ठळक करायचो, स्पेसबारने मध्यभागी ढकलायचो. झालं काम.

आता सिस्टरांबद्दल. त्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या मुख्य परिचारिका, वय त्रेपन्न, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले. नोकरी सांभाळून नऊ वर्षं त्या पीएचडीचा प्रबंध लिहीत होत्या. ऑपरेशनला नेताना, स्ट्रेचरवर, थिएटरचं दार उघडण्याआधी माणूस काय बोलतो, हा विषय. एकशे बारा रुग्णांची वाक्यं त्यांनी वहीत टिपून ठेवली होती. 'घड्याळ कोणाकडे देऊ?' असं एकजण म्हणालेला. ती सगळी वाक्यं सातव्या प्रकरणात होती, तिरक्या अक्षरांत, म्हणजे बोलणारा रुग्ण कुठे संपतो आणि सिस्टर कुठे सुरू होतात ते कळावं. त्यांच्या नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळून गेली होती. तिसरी मिळत नाही. शेवटच्या दिवशी चारच्या आत प्रबंध खिडकीवर गेला नाही तर नोंदणी रद्द आणि नऊ वर्षं पाण्यात.

वहिनीने त्यांची नऊ प्रकरणं नऊ फाईलींत लावली होती. मग तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ती तीन दिवस गेली. जाताना सांगून गेली, सिस्टर सातवं प्रकरण बदलून आणणार आहेत, ते ठेवून द्या, मी आल्यावर करते. सिस्टर दुसऱ्याच दिवशी आल्या. गाईडने सगळं प्रकरण उलटंपालटं करायला लावलं होतं, हाताने लिहिलेली नवी पानं होती. ठेवून द्या म्हणे! दुकान कोणाचं? मी दोन दिवसांत अठ्ठावन्न पानं नव्या फाईलमध्ये टाइप केली, वहिनीचं सहावं प्रकरण समोर ठेवून हुबेहूब तसं सजवलं, अनुक्रमणिकेतल्या सातव्याच्या ओळीही हाताने भरल्या, आणि सगळा प्रबंध छापून बांधून दिला. सहाव्याचं पहिलं पान आणि सातव्याचं पहिलं पान एकावर एक धरून उजेडात बघितलं. तसूभर फरक नव्हता. वहिनी आली तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, सातवं झालं, प्रबंध गेला. बरं झालं, म्हणाली बिचारी.

गाईडच्या सहीला बारा दिवस लागले. शेवटच्या दिवशी सकाळी सिस्टर खिडकीवर गेल्या आणि पाऊण वाजता तोच बांधलेला प्रबंध छातीशी धरून आमच्या दुकानात परत आल्या. रडत नव्हत्या. इतकी वर्षं थिएटरमध्ये काढलेली बाई रडत नाही, पण त्यांचा चेहरा बघून मी मशीन बंद केलं. तीन दिवसांपूर्वी नवे नियम लागले होते. मजकुराचं अक्षर एक घर मोठं, ओळींतलं अंतर थोडं जास्त, शीर्षकं मध्यभागी चालणार नाहीत, डावीकडून हवीत, प्रकरणांचे क्रमांक अक्षरी नकोत, आकड्यात हवेत, पान क्रमांक खाली, डावीकडे दीड इंच समास. कारकुनाने नियमांचा कागद हातात दिला होता आणि खिडकी चारला बंद होते याची आठवणही.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी विद्यापीठाला, कारकुनाला आणि नियम करणाऱ्या समितीला जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चारशेवर पानं, हाताने बदलायला तीन दिवस. वहिनीने कागद माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला आणि सिस्टरांना बसायला स्टूल दिलं.

'अर्ध्या तासाचं काम आहे,' ती म्हणाली. 'तुम्ही पाणी प्या.'

तिने माहेर उघडलं. घरच्यांना एक घर मोठं केलं आणि ओळी एकमेकींपासून लांब केल्या. थोरल्याला मध्यभागातून उठवून डावीकडे बसवलं, तसे मधला आणि धाकटाही त्याच्यामागे सरकले. क्रमांक आकड्यात केले, समास केला, पान क्रमांक खाली आणला. रिकाम्या फाईलवर हे सगळं चाललेलं. मला तर पडद्यावर काही होतंय असंही दिसत नव्हतं. मग तिने पहिलं प्रकरण उघडलं, माहेरहून स्टाइल मागवल्या, बदलण्याच्या चौकटीत खूण केली आणि बटण दाबलं. अख्खं प्रकरण एकदम हललं. सगळी शीर्षकं डावीकडे गेली, ओळी सुट्या झाल्या, एकेचाळीस पानांची एकोणपन्नास झाली. सिस्टर स्टुलावरून उठल्या. दुसरं प्रकरण, तिसरं, चौथं. सहाव्यापर्यंत यायला पंधरा मिनिटं लागली नाहीत. नऊ वर्षं मी ज्याला नखरा म्हणत आलो त्याचं हे तोंडावर दिलेलं उत्तर होतं, आणि खरं सांगतो, तेव्हा मला लाज वाटायच्या आत आनंद झाला.

सातवं उघडलं. इम्पोर्ट केलं. काहीही झालं नाही.

वहिनीने पुन्हा केलं. अठ्ठावन्न पानं ढिम्म. तिने शीर्षकावर कर्सर ठेवला आणि वरच्या कोपऱ्यात बघितलं, जिथे स्टाइलचं नाव दिसतं. तिथे 'थोरला' नव्हतं. उपशीर्षकावर ठेवला, तिथे 'मधला' नव्हता. काय झालंय ते मला कळलं होतं. तरी मी म्हणालो की व्हायरस असेल, नाहीतर फाईल खराब झाली असेल, हल्ली लाइटही फार जाते.

वहिनीने खुर्ची माझ्याकडे वळवली. सिस्टर तिथेच उभ्या होत्या.

'फाईल खराब असेल तर जुनी काढून त्यात सिस्टरांचे बदल घालावे लागतील,' ती म्हणाली. 'हाताने केली असेल तर इलाज वेगळा आहे. दोन्ही करायला वेळ नाही. भाऊजी, खरं काय ते सांगा.'

मग मी सांगितलं. सगळं हाताने केलं, स्टाइल एकही दिली नाही, अनुक्रमणिकासुद्धा हातानेच भरली. आणि माणूस तोंडघशी पडला तरी शेवटचे हातपाय हलवून बघतो, तसं मी पुढे जोडलं की पण दिसत तर अगदी तसंच होतं.

'दिसतं तसंच,' वहिनी म्हणाली. 'पण हाक मारली तर येत नाही.'

तिने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. सिस्टरांनी घड्याळाकडे बघितलं. सव्वा वाजला होता. मला भरपाई करायची घाई झाली होती. मी वाकून माऊस पकडला आणि म्हणालो की सगळं एकदम निवडू, माझं हाताने केलेलं एका फटक्यात पुसून टाकू आणि कोऱ्यापासून सुरुवात करू. वहिनीने माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

'आणि तिरकी अक्षरं?' तिने विचारलं.

मी ती पण हातानेच तिरकी केली होती. पुसली असती तर एकशे बारा माणसांची वाक्यं सिस्टरांच्या वाक्यांत मिसळून गेली असती, आणि कोण बोललं हे सांगणारी एकही खूण उरली नसती. मी माऊस सोडला आणि मागे झालो. सिस्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रुग्णाचा नातेवाईक थिएटरच्या आत घुसायला लागला की ठेवत असतील तसा.

मग वहिनीने मला शेजारी बसवलं आणि माझी उलटतपासणी घेतली. सगळी उपशीर्षकं एकाच मापाची केलीत का? नाही. विसाव्या पानापर्यंत सोळा, ठळक. मग मला सोळा फार दांडगं वाटायला लागलं म्हणून पंधरा. आणि शेवटच्या दहा-बारा पानांत कंटाळून नुसती अधोरेखित. छोटी शीर्षकं आत कशी ढकललीत? स्पेसबारने. किती वेळा दाबून? सात ते नऊ, मूडप्रमाणे. इथे वहिनी हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू, आणि तेही माझ्यावर, पण मी ते आनंदाने घेतलं. परिच्छेदांच्या मध्ये? दोनदा एंटर, कधीकधी तीनदा. माझी एकेक वाईट सवय ती वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेली, आणि लिहून झाल्यावर म्हणाली की आता काळजी नाही, चूकसुद्धा नेमाने केली असेल तर तिला पकडता येतं.

ते तिने कसं केलं ते मी आता इतरांना सांगतो तेव्हा लोक कंटाळतात, पण मी सांगतोच. आधी तिरकी अक्षरं. शोधायच्या चौकटीत शब्दाऐवजी दिसणं टाकलं: जे जे तिरकं असेल ते सगळं निवड. निवडलेल्या सगळ्याला एकदम 'आत्याबाई' हे नाव दिलं. रुग्णांची वाक्यं सुखरूप झाली. मग सोळाची ठळक शीर्षकं शोधून सगळ्यांना 'मधला'. पंधराची, त्यांनाही 'मधला'. अधोरेखित, तीही. ओळीच्या सुरुवातीला सात स्पेस, आठ स्पेस, नऊ स्पेस, तीनदा शोधून तीनदा 'धाकटा'. माझे जोडीचे एंटर पकडून एकेरी केले. एवढं सगळं झाल्यावरच तिने माझ्या हातचं सगळं सजवणं पुसलं, आणि तेव्हा काहीच हरवलं नाही, कारण प्रत्येकाला आता नाव मिळालं होतं.

इम्पोर्ट करायच्या आधी ती थांबली. एकशे बारा वाक्यं आहेत ना, तिने सिस्टरांना विचारलं, आणि आत्याबाई मोजल्या. एकशे अकरा. अडीच वाजून गेले होते. मी म्हणणार होतो की राहू दे ना एक, कोणाला कळतंय. नशीब माझं, म्हणालो नाही. सिस्टरांनी वही उघडली नाही. डोळे मिटून त्या पहिल्या रुग्णापासून एकेक वाक्य तोंडपाठ म्हणायला लागल्या आणि वहिनी पडद्यावर बोट फिरवत गेली. चौसष्टाव्याला बोट थांबलं. एका शिक्षिकेचं वाक्य होतं, 'परत आल्यावर मला माझ्या नावाने उठवा.' ते मी तिरकं करायला विसरलो होतो. सिस्टरांच्या परिच्छेदात ते इतकं बेमालूम मिसळून गेलं होतं की सिस्टरच ते म्हणतायत असं वाटावं. वहिनीने त्याला नाव दिलं.

मग इम्पोर्ट. आणि सातवं प्रकरण हाकेसरशी आलं.

पुढची घाई माझ्या खात्यातली होती आणि तिथे मी कमी पडलो नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहितो. आठवं, नववं झालं, नऊही प्रकरणं जोडली, अनुक्रमणिका तिची तिने काढली, एकही ओळ हाताने न भरता. पाचशे बारा पानं. दोन्ही मशीनवर निम्मी निम्मी लावली, गिऱ्हाइकांना हात जोडून बाहेर उभं केलं, गाईडच्या सहीचं जुनं पान सोडवून नव्यात घातलं, बाइंडिंग केलं. पावणेचारला आम्ही फाटकातून आत जात होतो. सिस्टर पुढे, मी मागे, आणि लॅपटॉपची पिशवी घेतलेली वहिनी मध्ये, कारण काही चूक निघाली तर ती दुरुस्त करणारी एकच व्यक्ती होती आणि ती मी नव्हतो.

खिडकीवरच्या कारकुनाने पट्टी काढली. खरोखरची, लाकडी, सहा इंची. समास मोजला. ओळींतलं अंतर मोजलं. चार ठिकाणी अनुक्रमणिकेतला पान क्रमांक घेऊन ते पान उघडून बघितलं. त्यातलं एक नेमकं सातव्यातलं. त्याने पट्टी ठेवली, ठीक आहे म्हणाला, आणि एक छापील कागद पुढे सरकवला. प्रबंधाची मांडणी नियमानुसार केल्याचं प्रमाणपत्र.

हा कागद मला ओळखीचा होता. इतकी वर्षं दुकानाचा शिक्का मारून त्यावर सही मीच करत आलो होतो. मी शिक्का काढला. कारकून म्हणाला की आता शिक्का चालत नाही, ज्याने मांडणी केली त्यानेच इथे, त्याच्यासमोर सही करायची. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, 'तुम्हीच करा भाऊजी, नेहमीसारखी.'

सही करणं फार सोपं होतं. पेन माझ्या खिशात होतं, कारकुनाला मीच समोर दिसत होतो, आणि आजवर मी ती केलीच होती, तीही काही न वाटता. शंभरावर प्रबंध. त्या शंभरावर कागदांवर माझं नाव आहे. हे मला त्या खिडकीपाशी पहिल्यांदा कळलं, आणि अंगाला चटका बसावा तसं कळलं.

'मी सातवं प्रकरण केलं होतं, वहिनी,' मी म्हणालो. 'ते कसं होतं ते तू बघितलंस. सही तू कर.'

तिने पेन घेतलं. नाव लिहिलं. मग थांबली. खाली एक रकाना होता, शिक्षणाचा. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. वहिनी नववीत असताना तिचे वडील अंथरुणाला खिळले, ती थोरली, शाळा तिथेच सुटली. दुकानात प्राध्यापक मंडळी आली की ती आडोशापलीकडून हलायची नाही आणि कामाचं माझ्यामार्फत विचारायची, ते यासाठी. मला वाटायचं तिला लोकांचा कंटाळा आहे, माझ्यासारखा.

'इथे काय लिहू?' तिने विचारलं.

मी म्हणालो, आहे ते लिही. तिने स्पष्ट, गोल अक्षरांत लिहिलं, इयत्ता नववी.

कारकुनाने कागद घेतला, वाचला आणि वर बघितलं. नववी म्हणजे काय, असं तो म्हणाला. त्याला वाटलं असावं की पुढचं लिहायचं राहिलं.

'नववी म्हणजे नववी,' सिस्टर म्हणाल्या. ज्या आवाजात त्या अख्खा वॉर्ड शांत करत असतील त्या आवाजात. 'शिक्का मारा. चारला पाच मिनिटं आहेत.'

त्याने एकदा त्या कागदाकडे बघितलं, एकदा समोर उघड्या पडलेल्या प्रबंधाकडे, आणि परत कागदाकडे. मग शिक्का मारला, पावती फाडून सिस्टरांना दिली. जरा वेगळ्याच सुरात, वहिनीकडे बघून त्याने सांगितलं की हा कागद प्रबंधाबरोबरच बांधला जातो आणि ग्रंथालयात राहतो. किती दिवस, वहिनीने विचारलं. कायम, तो म्हणाला. सिस्टरांनी पावती पर्समध्ये ठेवली, परत काढून बघितली आणि दोन्ही हातांनी वहिनीचे दोन्ही हात धरले. वहिनीने पदर नीट केला आणि ती खिडकीसमोर सरळ उभी राहिली, पाठ न वळवता.

आमच्यामागे रांग होती. कारकून 'पुढचे' म्हणाला. मी हललो नाही. खिडकीच्या चौकटीत डोकं घालून मी त्याला सांगितलं, 'ही आमची वहिनी आहे.'

त्याने काही विचारलं नव्हतं.